छत खाली आलं म्हणून तळघर मिळत नाही

लंडनच्या रॉयल ऑपेरात 2001 साली यानाचेकचा 'येनूफा' हा ऑपेरा झाला, तेव्हा येनूफा होती कारिता मात्तिला आणि तिची सावत्र आई कोस्तेल्निच्का होती आन्या सिल्या. 2021 मध्ये तिथेच 'येनूफा' पुन्हा लागला. या वेळी येनूफा झाली आस्मिक ग्रिगोरियान आणि कोस्तेल्निच्का मात्तिला. नाटक-सिनेमात असं होणं नेहमीचंच. चेहऱ्यावर वय दिसू लागलं की नायिकेची आई होते. ऑपेरात चेहऱ्याला फारसं कुणी विचारत नाही. पन्नाशीची गायिका सोळा वर्षांची मुलगी म्हणून उभी राहिली तरी प्रेक्षक चालवून घेतात, गळा तेवढा ताजा हवा. भूमिका सोडायला लावतो तो गळाच.

आणि इथे एक गैरसमज चांगला ठाण मांडून बसलाय. वय झालं की आवाज जाड होतो, खाली येतो, म्हणून सोप्रानोची (बायकांचा सगळ्यात चढा आवाज) मेझो (त्याखालचा) होते आणि टेनरचा (पुरुषांचा चढा आवाज) बॅरिटोन (त्याखालचा). बायकांच्या बाबतीत यात थोडं तथ्य आहे. रजोनिवृत्तीनंतर इस्ट्रोजेन घटतं, स्वरतंतूंना किंचित सूज राहते, ते जड होतात आणि बोलण्याची पट्टी थोडी उतरते. पुरुषांचं शरीर मात्र उलटं वागतं. त्यांच्या स्वरतंतूंमधला स्नायू झिजतो, तंतू बारीक होतात, मधोमध धनुष्यासारखे वाकतात आणि मिटले तरी फट राहते. म्हाताऱ्या माणसाचा बोलण्याचा आवाज पातळ आणि थोडा चढा लागतो तो यामुळे. म्हणजे साठीतला टेनर बॅरिटोनच्या भूमिका घेतो, तेव्हा त्याचा गळा खाली गेलेला नसतो. त्याला वरचं परवडेनासं झालेलं असतं, एवढंच. छत खाली आलं म्हणून तळघर मिळत नाही. उतारवयातले भूमिकाबदल का फसतात, याचं निम्म्याहून जास्त उत्तर इथे आहे.

आधी जातं काय, ते बघू. बहुतेकांना वाटतं सगळ्यात वरचा स्वर. तसं नाही. आधी जातो वरचा *हळू* स्वर. जोर लावून मारलेला वरचा सी (पाश्चात्त्य स्वरांना ए ते जी अशी अक्षरं असतात; शार्प म्हणजे त्याहून अर्धा स्वर वर, फ्लॅट म्हणजे अर्धा खाली) कित्येक वर्षं टिकतो, कारण खालून हवेचा दाब वाढवून तंतूंना एकमेकांवर आणता येतं. तोच स्वर अगदी हलक्या आवाजात धरायचा तर तंतू कडेपासून कडेपर्यंत नीट मिटावे लागतात, आणि जरा फट किंवा जरा सूज असली तरी नुसती हवा येते किंवा स्वर उशिरा लागतो. म्हणून शहाणे गायक रोज सकाळी एक साधी चाचणी घेतात. 'हॅपी बर्थडे'ची पहिली ओळ चढ्या पट्टीत, शेजारच्या खोलीत ऐकू जाऊ नये इतक्या हळू म्हणायची, आणि अर्ध्या-अर्ध्या स्वराने पट्टी वाढवत न्यायची. ज्या पट्टीला आवाज अडखळतो ती वहीत लिहून ठेवायची. एक दिवस ती खाली आली तर दमणूक किंवा सर्दी. दोन महिने खालीच राहिली तर करारांची फाइल काढून बसायची वेळ झाली.

दुसरी खूण म्हणजे कंप. पाश्चात्त्य शास्त्रीय गायनातला कंप सेकंदाला साधारण पाच ते सात आंदोलनांचा असतो आणि कानाला तो वेगळा जाणवत नाही, आवाजाची गोलाई म्हणूनच ऐकू येतो. तो पाचाच्या खाली आला आणि त्याची रुंदी वाढली की ऐकणाऱ्याला आंदोलनं मोजता येऊ लागतात, मग नेमका स्वर कुठला हेच कळेनासं होतं. याला इंग्रजीभाषक मंडळी 'वॉबल' म्हणतात आणि त्याचा दोष वयावर टाकून मोकळे होतात. वय कारण आहेच, पण एकटं नाही. पोटाचे आणि बरगड्यांमधले स्नायू सैल पडल्याने दाब स्थिर राहत नाही, आणि तरुणपणी जड भूमिका ओढत गायल्याने गळ्याला ताण धरायची सवय लागलेली असते. त्यातला दुसरा भाग व्यायामाने बराच सुधारतो. पाच स्वरांच्या जलद, हलक्या ताना, वरून खाली उतरणाऱ्या पट्ट्या, ओठांची फुरफुर, आणि बारीक नळीतून पाण्यात बुडबुडे काढत गाणं. नळी दोन-तीन सेंटीमीटरच बुडवायची. त्याहून खोल बुडवली की दाबाविरुद्ध ढकलायची सवय लागते, म्हणजे जी मोडायची तीच. दिवसातून चार-पाच वेळा, प्रत्येक वेळी पाच मिनिटं. एकदम पाऊण तास गाऊन गळा 'मोकळा' करायची जुनी रीत साठीनंतर नुकसानच करते, कारण श्लेष्मल ग्रंथी कमी स्रवतात आणि गळा लवकर कोरडा पडतो.

दमसासाचं गणित तर अगदी रोखठोक आहे. फुप्फुसांची एकूण जागा तेवढीच राहते, पण छातीचा पिंजरा ताठरतो आणि श्वास सोडल्यावर आत अडकून राहणारी हवा वाढते. वापरायला मिळणारी हवा कमी. त्यात तंतूंमधल्या फटीतून गळती. ज्या ओळी एका दमात जायच्या त्यांना आता दोन लागतात. यावर उपाय म्हणजे वहीत श्वासाच्या नव्या जागा आखून घ्यायच्या, त्याही तालमी सुरू होण्याआधी, शब्द तुटणार नाही अशा ठिकाणी, आणि ऑर्केस्ट्राच्या संचालकाला लय किंचित पुढे न्यायला सांगायचं. सांगायला लाजणारे गायक शेवटच्या तालमीत फसतात.

आता भूमिका निवडण्याकडे येतो. जर्मन थिएटरांत 'फाख' नावाची पद्धत आहे. आवाजाच्या जातीप्रमाणे भूमिकांचे कप्पे, आणि गायकाच्या करारात त्याचा कप्पा लिहिलेला. तरुण गायकाला हे कवच असतं, भलती जड भूमिका गळ्यात मारता येत नाही. उतारवयात मात्र कप्प्यांची नावं दिशाभूल करतात. 'मेझो' म्हटल्यावर खाली असेल असं वाटतं, आणि कोस्तेल्निच्का हातात घ्यावी तर दुसऱ्या अंकात वरचा बी फ्लॅट वाट बघत उभा. भूमिकेचा सगळ्यात वरचा स्वर कोणता, हा प्रश्नच अपुरा आहे. विचारायचं ते हे की स्वरांचा मुक्काम कुठे आहे.

मोजायची रीत अशी. पियानोची प्रत घ्यायची आणि पेन्सिल. प्रत्येक आवाजाला एक सांधा असतो जिथे खालचा आवाज सोडून वरच्यात शिरावं लागतं. टेनरचा वरचा सांधा एफ शार्प-जीच्या आसपास, बॅरिटोनचा त्याखाली, ई फ्लॅट-ईच्या आसपास. या सांध्यावर किंवा त्याच्या वर असलेली प्रत्येक मात्रा खुणेने भरायची. मग बघायचं: सलग किती मात्रा विश्रांतीशिवाय भरल्यात, त्या वेळी ऑर्केस्ट्रात पितळी वाद्यं वाजतायत का, आणि त्यानंतर लगेच हळू गायचंय का. एकटा उंच स्वर क्वचितच मारतो. सांध्यावर पाच मिनिटं काढली की मरायला होतं. बारीक, रुक्ष काम आहे, दोन संध्याकाळी जातात. पण नुसतं 'ही भूमिका मला जमेल असं वाटतं' यापेक्षा ते कितीतरी बरं.

पट्टी उतरवण्याचा उपाय सगळ्यांना माहीत असतो. आपल्या समजुतीपेक्षा तो जुना आणि सर्रास आहे. 'ला बोहेम'मधलं 'के जेलिदा मानिना' अर्धा स्वर खाली घेतलेलं तुम्ही अनेकदा ऐकलं असेल, कुणी जाहीर करत नाही. 'इल त्रोवातोरे'तल्या 'दि क्वेल्ला पिरा'चा तो प्रसिद्ध सी वेर्दीने लिहिलेलाच नाही, आणि तो घालायचा म्हणून अख्खं गाणं अर्धा स्वर उतरवून बी मारणारे टेनर कमी नाहीत. 'कास्ता दीवा' बेल्लिनीच्या हस्तलिखितात जी मेजरमध्ये आहे, रूढ झालं ते एफ मेजर. तेव्हा यात कमीपणा काही नाही. पण अडचण अशी की पट्टी उतरवली की वरचा स्वर सोपा होतो आणि मधल्या लांब ओळी, ज्या आधी सांध्याच्या वर निवांत होत्या, त्या नेमक्या सांध्यावर येऊन बसतात. एका स्वराची सुटका करायला वीस स्वर अडचणीत. अशा वेळी पूर्ण स्वराने उतरवून बघावं, किंवा पट्टीला हातच लावू नये आणि तेवढा एक स्वर बदलून घ्यावा. इटालियन परंपरेत त्याला 'पुन्तातूरा' म्हणतात. काही करायचं ठरलंच तर ऑर्केस्ट्राच्या पहिल्या तालमीच्या बरंच आधी कळवावं लागतं. गाण्याच्या आधीचा आणि नंतरचा दुवाही नव्या पट्टीला जोडून लिहावा लागतो, आणि वादकांच्या स्टँडवर बदललेल्या प्रती हव्यात. प्रयोगाच्या आदल्या दिवशी वादकांना 'उद्या अर्धा स्वर खाली' असं सांगण्याइतकं धाडस कुणी करू नये.

पुरुषांच्या बदलाचं सगळ्यात गाजलेलं उदाहरण अर्थात प्लासिदो दोमिंगो. 1941 चा जन्म. 1959 मध्ये मेक्सिकोच्या राष्ट्रीय ऑपेरात त्याने चाचणी दिली ती बॅरिटोन म्हणून, आणि ऐकणाऱ्यांनी सांगितलं, तू टेनर आहेस. पन्नास वर्षांनी, 2009 च्या ऑक्टोबरात, बर्लिनच्या श्टाट्सओपरमध्ये तो 'सिमोन बोक्कानेग्रा'त बोक्कानेग्रा म्हणून उभा राहिला. याच ऑपेरातला टेनर गाब्रिएले त्याने पूर्वी गायलेला. पुढे रिगोलेत्तो, नाबुक्को, जेर्मों, मॅकबेथ असं पुष्कळ काही.

त्याचा बोक्कानेग्रा ऐकताना एक जागा मुद्दाम लक्ष देऊन ऐकावी. पहिल्या अंकात हरवलेली मुलगी सापडते, आणि प्रसंगाच्या शेवटी तो 'फील्या!' म्हणतो, वरच्या एफवर, अगदी हळू. बॅरिटोनसाठी हा स्वर सांध्याच्या पलीकडचा आहे. तो हळू धरताना गळ्याला जी कसरत पडते, त्यातूनच त्या बापाचा थरार ऐकू येतो. टेनरसाठी एफ सांध्याच्या खाली, घरातलाच. दोमिंगो तो सुरेख घेतो, पण कसरत नसते आणि थरारही थोडा कमी होतो. आता उलट बाजू. मंत्रिमंडळाच्या दृश्यात बोक्कानेग्रा खलनायक पाओलोला स्वतःलाच शाप द्यायला भाग पाडतो, तिथे आवाजाच्या मधल्या आणि खालच्या भागात अंधार हवा, वजन हवं. टेनरच्या गळ्यात तिथे स्वर असतो, अंधार नसतो. शिवाय गाब्रिएले आणि बोक्कानेग्रा एकत्र गाताना दोन टेनर गातायत असं वाटतं, आणि वेर्दीने आखलेली सावल्यांची उतरंड विस्कटते. माझं मत विचाराल तर दोमिंगोचा बोक्कानेग्रा ऐकण्यासारखा आहे तो शब्दफेकीसाठी आणि ओळ कशी बांधावी यासाठी. बॅरिटोनची भूमिका ऐकायची म्हणून नाही. 'ला त्राव्हियाता'तल्या जेर्मोंचं 'दि प्रोवेन्झा' जी फ्लॅटपर्यंत जातं, त्यातही हेच.

रामोन विनायची गोष्ट वेगळी आहे, कारण तो मुळात बॅरिटोनच होता. 1940 च्या दशकात टेनर झाला, 1947 मध्ये संचालक तोस्कानिनीच्या हाताखाली ओथेल्लो गायला, आणि 1962 च्या सुमाराला परत बॅरिटोनकडे वळला. बायरॉइटच्या वाग्नर महोत्सवात 'लोहेनग्रिन'मधला तेलरामुंद, आणि पुढे 'ओथेल्लो'मधला इयागोसुद्धा. त्याला तळघर होतंच, तो फक्त वरच्या मजल्यावर राहायला गेला होता. बदल करणाऱ्या प्रत्येक टेनरने स्वतःला हा प्रश्न विचारायला हवा: विशीत माझा खालचा ए, खालचा बी फ्लॅट रुंद होता का? नसेल तर साठीत होणार नाही. मुद्दाम गळा दाबून, जिभेचं मूळ खाली ढकलून 'गडद' आवाज काढणारे पुष्कळ असतात. खोलीत तो भारदस्त वाटतो, थिएटरात तिसऱ्या रांगेपलीकडे जात नाही. माणसाचा आवाज ऑर्केस्ट्राच्या वर तरंगतो तो साधारण 3000 हर्ट्झच्या आसपासच्या झळाळीमुळे, आणि गळा दाबला की आधी तीच मरते.

टेनरना आणखी एक वाट आहे: तारसप्तकाची चैन सोडून शब्दांवर चालणाऱ्या भूमिका. वाग्नरचे लोगे आणि मीमे, 'सालोमे'तला हेरोद. इथे लांब ओळी नाहीत, तुटक बोलणं आहे, कडक उच्चार लागतात. लांब ओळींचा त्रास संपला तरी ऑर्केस्ट्रा लहान होत नाही, हे हेरोद घेताना विसरतात. सगळ्यात लहान आसरा म्हणजे 'तुरान्दोत'मधला म्हातारा सम्राट आल्तूम, ज्याचा आवाज थकलेलाच असावा अशी अपेक्षा असते. 1902 साली जन्मलेला स्विस टेनर यूग क्युएनो न्यूयॉर्कच्या मेट्रोपोलिटनमध्ये पहिल्यांदा गायला तो या भूमिकेत, 1987 मध्ये. बास म्हणजे सगळ्यात खालच्या आवाजाच्या मंडळींना हा सगळा त्रास फारसा नाही, त्यांचे राजे आणि पुरोहित पहिल्यापासूनच म्हातारे असतात. तिथे दात महत्त्वाचे. बार्तोलो किंवा डॉन पास्क्वाले या विनोदी भूमिकांच्या झपाट्याच्या ओळी नव्या कवळीने गायला बसलं की 'स' आणि 'त' घसरतात. कवळी किंवा इम्प्लांट बसवल्यावर निदान काही आठवडे नवा करार सुरू होणार नाही असं बघावं.

बायकांकडे मात्र खरोखर पूर्ण दालन आहे. रिचर्ड श्ट्राउसचा 'एलेक्ट्रा' घ्या. धाकटी बहीण क्रिसोथेमिस, मधली एलेक्ट्रा, आई क्लितेम्नेस्त्रा, अशा तीन बायका. लिओनी रिझानेकने वर्षानुवर्षं क्रिसोथेमिस गायली, एलेक्ट्रा फक्त 1981 च्या चित्रपटासाठी ध्वनिमुद्रित केली, रंगमंचावर कधीच नाही, आणि उतारवयात क्लितेम्नेस्त्रा. मधली पायरी तिने रंगमंचावर टाळली, हे मला सगळ्यात हुशारीचं वाटतं. एलेक्ट्रा जवळजवळ शंभर मिनिटं मंचावरून हलत नाही आणि मंचापुढच्या खड्ड्यात शंभरावर वादक असतात. क्लितेम्नेस्त्राचा मुख्य प्रसंग एकच, वीस-पंचवीस मिनिटांचा. मग ती जाते, पुढे ऐकू येते ती फक्त पडद्यामागची किंकाळी. त्याच चित्रपटातली क्लितेम्नेस्त्रा होती आस्ट्रिड वार्नाय, जी तरुणपणी वाग्नरच्या नायिका गायची.

'ही भूमिका म्हातारीची आहे, वॉबल चालतो, उलट शोभतो' असं जे म्हणतात ते मला पटत नाही. पहिली तीन मिनिटं शोभतो. क्लितेम्नेस्त्रा स्वप्न सांगते तेव्हा श्ट्राउसने ऑर्केस्ट्रा मुद्दाम पातळ केलाय, स्वर आणि शब्द दोन्ही स्पष्ट पोचावेत म्हणून. तिथे स्वर हलला की भीती नाही वाटत, गायिकेची काळजी वाटते. थकवा अभिनयात दाखवावा, गळ्यात तो नसलेलाच बरा. पूलांकच्या 'कार्मेलाइट'मधली मरणारी मठमाता हेही असंच एक दालन. 1957 मध्ये पॅरिसला रेजिन क्रेस्पँ नवी मठमाता होती आणि रिता गॉर होती मदर मारी; पुढे दोघींनीही म्हातारी मठमाता गायली. ही भूमिका पहिल्या अंकातच संपते, म्हणजे मध्यंतराआधी मेकअप पुसून घरी.

बदल करायचा कसा, तर घाईने नाही. मोठी थिएटरं तीन-चार वर्षं आधी पात्रं ठरवतात, म्हणजे साठाव्या वर्षी सही केलेली भूमिका चौसष्टाव्या वर्षी गायची असते. म्हणून जुन्या भूमिकांचे नवे करार आधी थांबवायचे, आहेत ते पुरे करायचे, आणि मध्ये सहा महिने तरी दोन्ही प्रकार एकाच महिन्यात येऊ द्यायचे नाहीत. नवी भूमिका आधी पियानोवर सलग गायची, एक दिवस आड करून तीनदा, आणि तिसऱ्यांदा गायल्यानंतरच्या सकाळी वर सांगितलेली हळू आवाजाची चाचणी. मग मैफिलीच्या स्वरूपात, मग लहान थिएटरात, मग मोठ्या. पाठांतराला तरुणपणाच्या दुप्पट वेळ धरावा. प्रयोगांमध्ये पूर्वी दोन दिवसांचं अंतर पुरत असेल तर आता तीन-चार मागून घ्यावं.

डॉक्टरांना 'मी गाते' हे वाक्य पहिल्यांदा सांगायचं. डॅनॅझॉलसारखी पुरुषी संप्रेरकांच्या जातीची औषधं बाईचा आवाज कायमचा जाड करू शकतात, आणि ते परत येत नाही. रक्तदाबाच्या एसीई इनहिबिटर गटातल्या गोळ्यांनी कोरडा खोकला लागू शकतो; दुसरा गट उपलब्ध असतो, फक्त विचारावं लागतं. शस्त्रक्रिया असेल तर भूल देणाऱ्यांना आधी गाठून श्वासनळीत घालायची नळी शक्य तितकी बारीक घ्यायला सांगावं.

न बदलणारेही आहेत, आणि त्यांनी काय नाकारलं ते बघण्यासारखं आहे. आल्फ्रेदो क्राउस सत्तरीपर्यंत तरुण प्रेमिकच गात राहिला, कारण त्याने जड भूमिकांना जवळजवळ हातच लावला नाही. एदिता ग्रुबेरोवाने 2019 मध्ये म्युनिकला, बहात्तराव्या वर्षी, निरोप घेतला तो दोनिझेत्तीच्या राणी एलिझाबेथच्या भूमिकेत. मिरेला फ्रेनीने बटरफ्लाय चित्रपटात केली, पण रंगमंचावर एकदाही नाही. तुरान्दोत तर संचालक कारायानने विचारूनही नाकारली. उलट्या दिशेला ग्रेगरी कुंडी: रोस्सिनीचा हलका टेनर, आणि वेर्दीचा ओथेल्लो पहिल्यांदा गायला तो 2012 मध्ये, अठ्ठावन्नाव्या वर्षी. तीस वर्षं हलकं गायल्यामुळे भांडवल शिल्लक होतं.

शेवटच्या भूमिकेबद्दल थोडं. चायकोव्स्कीच्या 'इस्पिकची राणी'मधली म्हातारी काउंटेस हा मेझो आणि उतरलेल्या सोप्रानोंचा ठरलेला मुक्काम. मेझो, मग वाग्नरची सोप्रानो, मग पुन्हा मेझो असा प्रवास केलेली मार्था म्योडल ऐंशीनंतरही ती गायची, आणि रिझानेकने 1996 च्या जानेवारीत मेट्रोपोलिटनचा निरोप याच भूमिकेत घेतला. लहान भूमिका, उंच स्वर नाहीत, म्हणून सोपी समजतात. पण तिचं गाणं बघा. नाच आटोपून आलेली काउंटेस खुर्चीत बसते, जुन्या पॅरिसच्या आठवणीत ग्रेत्रीच्या एका फ्रेंच ऑपेरातली ओळ गुणगुणते, दासींना हाकलते आणि तीच ओळ पुन्हा, आता गुंगीत, आणखी हळू. ऑर्केस्ट्रा इतका विरळ की मागे लपायला जागा नाही. म्हणजे वयाने जे सगळ्यात आधी नेलं तेच इथे मागितलंय, फक्त खालच्या पट्टीत. जाणत्या गायिका इथे सलग ओळ धरायचा हट्ट करत नाहीत. हनुवटी थोडी खाली घेऊन, स्वर जवळजवळ बोलण्याच्या जागी ठेवून, दर दोन-तीन शब्दांनंतर श्वास घेतात. पेंगणारी म्हातारी तशीच गाईल, त्यामुळे तो श्वास कुणाला खटकत नाही.